रूळ कोणाचे आणि रस्ता कोणाचा ?

आमच्या भाट्ये गांवीं ट्रामगाडी कधींच नव्हती आणि ती येथें येण्याचा संभवही नाहीं. येथें समुद्र आहे, सुरूचें बन आहे, नारळीचे आगर आहेत व काजळी नदीची खाडी आहे. तथापि ज्या घरांतील वडील माणसें पूर्वीं बोटीनें मुंबईस चाकरीला गेलीं, त्या घरांत ट्रामचें नांव अजूनही निघतें. मुंबईस जाऊन आलेल्या विद्यार्थ्यांनीं 'दादर टी. टी.' हीं अक्षरें ऐकिलीं असतील. टी. टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. ट्राम बंद होऊन साठांहून अधिक वर्षें लोटलीं, परंतु अक्षरें राहिलीं आहेत.

या ट्रामविषयीं एक प्रश्न वाचकांपुढें मांडावयाचा आहे. प्रश्न दिसण्यांत क्षुल्लक आहे. रूळ कंपनीचे आणि रस्ता शहराचा, तर रुळाशेजारीं पडलेला खड्डा कोणीं बुजवावा ?

दोन आगरांमधील गडगा पावसाळ्यांत ढासळला, म्हणजे हाच प्रश्न आपल्या दाराशीं येतो. सामाईक विहिरींतील गाळ काढावयाचा झाला, कीं तोच पुन्हा उभा राहतो. 'दोन घरचा पाहुणा उपाशी' ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली, त्यानें असा एखादा गडगा खचित पाहिला असला पाहिजे. प्रस्तुत लेखकासही याचा प्रसाद मिळालेला आहे. एका पावसाळ्यांत सायकलवरून जात असतां, रस्ता आणि मोरी यांच्या सांध्यांतील खळग्यांत चाक अडकून मी पडलों व गुडघा फोडून घेतला. चौकशी करितां रस्ता एका कचेरीचा व मोरी दुसऱ्या कचेरीची असें कळलें. पहिलीनें लिहिलें कीं, खळगा मोरीच्या अंगाचा आहे. दुसरीनें लिहिलें कीं, तो रस्त्याच्या अंगाचा आहे. दोन्ही उत्तरें सभ्य होतीं, आणि मौज ही कीं दोन्ही खरीं होतीं ! अखेर जवळच्या एका दुकानदारानें जांभ्या चिऱ्याचे तुकडे टाकून तो खळगा भरला. त्यास कोणी पत्र पाठविलें नव्हतें.

आतां ट्रामकडे वळूं. आगगाडी स्वतःच्या जमिनीवरून धांवते. आपल्या जिल्ह्यांतून जाणारी कोंकण रेल्वेच पाहा. तिची वाट तिची स्वतःची आहे. ट्राम मात्र भर रस्त्यांतून जाते. तिचा रूळ रस्त्याच्या पृष्ठभागाशीं समतल बसवावा लागतो, म्हणजे बैलगाडी, घोडागाडी, मोटार, पादचारी, सर्वांना त्यावरून जातां येतें. चाकाच्या कडेसाठीं रुळांत एक खांच ठेविलेली असते. त्या खांचेंत माती भरते, पाणी सांचतें. रूळ गाडीच्या भारानें किंचित् हलतो व त्याला लागून असलेला दगड निखळतो. दगड निखळला कीं फटींतून पाणी आंत जातें, खालचा भराव मऊ होतो, मग रूळ अधिकच हलतो. रस्ता बिघडल्यानें रूळ बिघडतो आणि रूळ बिघडल्यानें रस्ता. यांत प्रथम अपराधी कोण, हें ठरविणें न्यायाधीशासही कठीण जाईल.

मुंबईंत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजीं सुरू झाली. एक मार्ग कुलाब्याहून पायधुणीपर्यंत व दुसरा बोरीबंदराहून पायधुणीपर्यंत होता. हा धंदा चालविणाऱ्या कंपनीजवळ सुमारें ९०० घोडे होते. त्यासाठीं म्युनिसिपालिटीशीं करार झाला व १८७४ सालींच मुंबई इलाख्यानें स्वतंत्र कायदा केला. त्या काळीं अशा कायद्यांचा नमुना म्हणजे विलायतेंतील १८७० चा ट्राम कायदा. त्यानें आपल्या प्रश्नाचें उत्तर इंचांत दिलें. दोन रुळांमधील रस्ता कंपनीनें स्वखर्चानें दुरुस्त ठेवावा. शिवाय बाहेरच्या बाजूस प्रत्येकीं १८ इंच रस्ताही तिनेंच राखावा. आणि जोडमार्ग असून दोहोंतील अंतर ४ फुटांहून अधिक नसेल, तर ती मधली पट्टीही तिचीच. उरलेला रस्ता शहराचा.

विद्यार्थ्यांनीं येथें पाटी घ्यावी. रुळांमधील अंतर ४ फूट ८½ इंच धरा. जोडमार्ग असल्यास दोन्हींचे मिळून ११३ इंच, मधली पट्टी ४८ इंच, बाहेरील दोन पट्ट्या ३६ इंच. एकूण १९७ इंच, म्हणजे १६ फूट ५ इंच. एक मैल लांबीस याचें क्षेत्रफळ ८६,६८० चौरस फूट होतें. आपल्या मापानें ऐंशी गुंठ्यांना थोडेंच कमी. दर मैलामागें दोन एकर फरसबंदीची जोखीम कंपनीच्या डोक्यावर !

एवढा भार कंपनीवर कां टाकिला ? कारण ट्रामचे घोडे रुळांच्या मधूनच चालत. त्यांच्या नालांनीं तेवढीच पट्टी झिजे. ज्यानें झिजवावी त्यानेंच भरावी, हा न्याय सरळ होता. पुढें ७ मे १९०७ रोजीं मुंबईची ट्राम विजेवर चालूं लागली. घोडे गेले, नाल गेले. विलायतेंतही ट्राम विजेवर गेल्या, परंतु पट्टी राखण्याचें कर्तव्य कागदावर होतें तसेंच राहिलें. मग मोटारी व बसगाड्या आल्या. त्या त्याच पट्टीवरून धांवत व ती झिजवीत. दगड मात्र ट्राम कंपनीनें बसवावयाचे. आपल्या गिऱ्हाइकांस पळविणाऱ्या बसगाडीसाठीं आपणच रस्ता गुळगुळीत करून द्यावा, ही तेथील ट्रामवाल्यांची मोठी तक्रार होती, आणि मला ती रास्त वाटते. नियमाचें कारण नाहींसें झालें तरी नियम उरतो, याचें याहून ठळक उदाहरण क्वचितच सांपडेल.

पण अठरा इंचांच्या रेषेची खरी परीक्षा जमिनीखालीं होते. वरच्या तारेंतून आलेली वीज गाडीच्या यंत्रांतून चाकांत, चाकांतून रुळांत उतरते व रुळांवाटे वीजघराकडे परत जाते. रुळांचे सांधे तांब्याच्या पट्ट्यांनीं नीट जोडलेले नसतील, तर ती ओल्या मातींतून जवळच्या लोखंडी नळांत शिरते. नळाला तिच्या शिरण्यानें कांहीं होत नाहीं. परंतु जेथून ती पुन्हा बाहेर पडते, तेथें लोखंड हळूहळू खाल्लें जातें. शाळेच्या प्रयोगशाळेंत एका पत्र्यावरील तांबें सुटून दुसऱ्यावर बसतांना ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांना हें सहज समजेल. ट्रामच्या सैल सांध्याचा दंड असा दूरच्या गल्लींतील पाण्याच्या नळाला भरावा लागतो. म्हणून विलायत सरकारनें असा नियम केला कीं, रुळांच्या कोणत्याही दोन बिंदूंमधील विजेच्या दाबाचा फरक ७ व्होल्टांहून अधिक असूं नये. रस्त्यावर इंच मोजून भागलें. जमिनीखालीं व्होल्ट मोजावे लागले.

आणखी एक गोष्ट. नळ फुटला तर रुळांखालीं खणावेंच लागतें. त्याच १८७० च्या कायद्यांत कंपनीला रस्ता उघडावयाचा असल्यास तिनें रस्त्याच्या अधिकाऱ्यांस ७ दिवस आधीं सूचना द्यावी असें होतें. अधिकाऱ्यांच्या खोदकामानें ट्रामची वाहतूक अडणार असल्यास त्यांनीं कंपनीला निदान १८ तास आधीं कळवावें, व निकडीच्या प्रसंगीं तेंही नको. कंपनीच्या बुडालेल्या भाड्याची भरपाई त्यांनीं द्यावयाची नाहीं. घरधनी कोण आणि पाहुणा कोण, हें सात दिवस व अठरा तास या दोन आंकड्यांवरून कळून येतें. त्या कायद्यांत मला विशेष शहाणपणाचें वाटतें तें एक निराळेंच कलम आहे: दोन्ही पक्षांनीं आपसांत करार करून सबंध रस्त्याची दुरुस्ती एकाच्या हातीं द्यावी व खर्चाचा वांटा ठरवून घ्यावा, अशी त्यांत मुभा होती. खड्डा एकच हात बुजवितो. पैशांचा वाद मागाहून कचेरींत बसून करतां येतो.

मुंबईनें अखेर दुसरा उपाय केला. ७ ऑगस्ट १९४७ रोजीं वीज व ट्रामचा सगळा कारभार कंपनीकडून म्युनिसिपालिटीकडे आला. रूळ व रस्ता यांचा धनी एकच झाला. तरी ट्रामच्या उपक्रमाचे हिशेब वेगळे, व्यवस्थापक वेगळा, समिति वेगळी. सांधा नाहींसा झाला नाहीं, तो एकाच घरांतील दोन खोल्यांमधील उंबरठा झाला. वेगळें झालेल्या भावांच्या घरांत राहिलेल्यांस हा उंबरठा किती उंच असूं शकतो तें सांगावयास नको.

परदेशांत हा प्रश्न आजही ताजा आहे, कारण तेथें ट्राम पुन्हा आल्या आहेत. अमेरिकेंतील पोर्टलंड शहरांत २००१ सालीं नवी ट्राम सुरू झाली. तिच्या गाड्या व रूळ शहराच्या मालकीचे. चालक व कारागीर मात्र ट्रायमेट नामक प्रादेशिक वाहतूक संस्थेचे. त्याच शहरांत १९८६ पासून त्या संस्थेची स्वतःची निराळी हलकी रेल्वे चालते. २०१५ सालीं विलामेट नदीवर एक पूल झाला. पूल संस्थेचा, त्यावरून संस्थेची रेल्वे, शहराची ट्राम, बसगाड्या, सायकली व पायीं चालणारे जातात, खासगी मोटारींना मज्जाव. एकाच पुलावर दोन धन्यांच्या गाड्या एकाच रुळावरून जावयाच्या, तर कोणता खिळा कोणीं तपासावा हें गाडी सुटण्यापूर्वींच लिहून ठेवावें लागतें.

मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्रीं बोरीबंदराहून दादरला गेली. कित्येक ठिकाणीं रूळ उपटले नाहींत; त्यांवर डांबर घातलें गेलें. अलीकडे फ्लोरा फाउंटनजवळ रस्ता खणला असतां ते जुने रूळ व त्यांच्याभोंवतीं बसविलेले काळे दगड पुन्हा उजेडांत आले. वरचें डांबर सलग असल्यामुळें, त्यांतील कोणता दगड कोणाच्या खर्चानें बसला होता हें ओळखण्याजोगी कांहीं खूण वर राहिली नव्हती.