डोंगर पडद्यावरचा, धाप आपली

व्हिडिओ गेम म्हटला की आमच्या पिढीच्या कपाळाला आठी पडते. धडाधड गोळ्या आणि जेवायला हाका मारून दमलेली आई, एवढंच डोळ्यांसमोर येतं. पण तीस वर्षं सह्याद्रीतले गड पालथे घातल्यावर माझ्या गुडघ्यांनी संप पुकारला, डॉक्टरांनी जिनेसुद्धा बंद केले, आणि पुतण्याने हातात एक यंत्र ठेवलं. ‘काका, यात डोंगर आहेत,’ एवढंच म्हणाला.

खेळाचं नाव ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’. निंटेंडो या जपानी कंपनीने तो मार्च २०१७ मध्ये आणला. लिंक नावाचा तरुण शंभर वर्षांच्या झोपेतून गुहेत जागा होतो, बाहेर कड्यावर येतो, आणि समोर अख्खं हायरूल राज्य पसरलेलं असतं. राजकन्या आहे, राक्षस आहे. पण आधी कुठे जायचं याची सक्ती नाही. दिसेल तो डोंगर बहुतेक चढता येतो. चढताना दमाचं हिरवं वर्तुळ झिजत जातं, पावसात हात निसटतात. संगीतही बेताचंच. वारा, गवताची सळसळ, मधूनच पियानोचे चार सूर.

झेल्डाचे जनक शिगेरू मियामोतो लहानपणी क्योटोजवळच्या सोनोबेला रानात भटकत. एकदा गुहा सापडली. धीर करून कंदील घेऊन ते आत शिरले. १९८६ च्या पहिल्या झेल्डामागे ती भटकंती होती, असं त्यांनीच सांगितलं आहे.

या खेळात वाटेवर दगडी मूर्तींची रांग लागते. प्रत्येकीपुढे वाडगा, त्यात सफरचंद. एक वाडगा मात्र रिकामा. त्यात आपण फळ ठेवलं की एक वनदेवतेचं पोर खुदकन प्रकट होतं. बांधावरच्या म्हसोबाला नारळ ठेवणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. जपानीतही ‘ऐंशी लाख देव’ असा शब्दप्रयोग आहे. (आपण तेहेतीस कोटींवर आहोत, तो भाग वेगळा.)

उलट खेळातली १२० देवस्थानं मला कोरडी वाटली. कोडं सोडवा, प्रसादाचा गोळा घ्या. चार गोळे मूर्तीला वाहिले की आयुष्य किंवा दम थोडा वाढतो. ही भक्ती गल्ल्यावरची.

पण फारोश! हायलिया तळ्यातून हा प्रचंड नागासारखा ड्रॅगन उठतो आणि संथपणे आकाशात निघतो. भोवती विजेचे गोळे फिरतात, पण तो आपल्या मागे लागत नाही. त्याच्या लेखी आपण नसतोच. मी हातातली बटणं सोडून नुसता बघत राहिलो. राजगडाच्या बालेकिल्ल्यावर पहाटे ढग अंगावरून गेले होते, तेव्हा असाच गप्प झालो होतो.

एक स्नेही याला ‘बॅटरीवरचा देव’ म्हणून हसतात. हसोत. देवळातली मूर्तीही कुणा पाथरवटानेच घडवलेली असते. मला खटकतं ते निराळंच : इथे करवंदाच्या जाळीचा वास नाही, तहान नाही, आणि पडलो तर पुन्हा उभं करणारं यंत्र आहे.

तरी लनायरू शिखरावर जाताना बोटं आखडली होती. थंडीसाठी तिखट मिरच्यांचं जेवण आधी रांधून न्यावं लागतं. वर नायड्रा नावाचा दुसरा ड्रॅगन, काळ्या विषाने लडबडलेला. बाण मारून एकेक डाग उतरवला, तेव्हा तो निळाशुभ्र होऊन वर गेला. तेव्हापासून तो त्या डोंगरांवरून फिरत असतो. कधी कधी तेवढ्यासाठीच मी खेळ लावतो.