रात्री काय करायचं? आहुपे पट्ट्यातली घरची जेवणं आणि त्यातलं बळ

आहुपे (ता. आंबेगाव) : दिवसभर खाचरात वाकून आवणी केली, सात वाजता भिजून घरी आलं, की चुलीपुढं बसणाऱ्या बाईला एकच प्रश्न पडतो, आता रात्री काय करायचं? हा प्रश्न घोडेगावातल्या घरात पडतो, जुन्नरात पडतो आणि घोड नदीच्या उगमाकडच्या आहुप्यातही पडतो. उत्तर मात्र गेल्या पंधरा-वीस वर्षांत बदलत चाललंय. पूर्वी नाचणीची भाकरी आणि काहीतरी कोरड्यास असायचं. आता बऱ्याच घरात रेशनचा पांढरा भात, वर पातळ डाळ, आणि पोरांनी हट्ट केला तर दुकानातला दहा-पंधरा रुपयांचा नूडल्सचा पुडा.

भात वाईट नाही. आपण भात पिकवणारीच माणसं. पण रोज रात्री नुसता भातच पोटात गेला तर अंगाला काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे समजून घ्यायला हवं. म्हणून या लेखात आपल्याच पट्ट्यातली रोजची जेवणं, ती करायची रीत आणि त्यातलं बळ एकत्र सांगतोय. यात विकत आणायचं सामान कमी आहे. बरंचसं आपल्या बांधावर, कणगीत नाहीतर परसात असतं.

प्रश्न किती मोठा आहे?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी ५४ टक्के बायांच्या अंगात रक्त कमी असल्याचं दिसलं. सहा महिने ते पाच वर्षांच्या पोरांत हे प्रमाण ६८.९ टक्के होतं. म्हणजे दोन बायांत एक, आणि तीन पोरांत दोन. चढ चढताना दम लागणं, डोळ्यापुढं अंधारी येणं, पोराचं अभ्यासात लक्ष न लागणं, याला आपण "अशक्तपणा" म्हणून सोडून देतो. त्याचं एक मोठं कारण ताटात असतं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने देशातल्या धान्यांची तपासणी करून तक्ते छापलेत. त्यानुसार १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तेवढ्याच पॉलिश केलेल्या तांदळात १० मिलिग्रॅमसुद्धा नसतं. हाडाला, दाताला, पोटुशी बाईला आणि अंगावर पाजणाऱ्या आईला हेच कॅल्शियम लागतं. हुलग्यात १०० ग्रॅमला २० ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात, शिवाय लोहही चांगलं. म्हणजे म्हातारी माणसं "नाचणी खा, हुलगं खा" म्हणायची ते उगीच नव्हतं.

पावसाळ्यात : भाकरी आणि रानभाजी

आवणीच्या दिवसांत वेळ कमी, सरपण ओलं आणि भूक मोठी. अशा वेळी झटपट होणारं जेवण म्हणजे नाचणीची भाकरी आणि रानभाजी.

नाचणीची भाकरी तुटते, चिरते, अशी नव्या सुनांची तक्रार असते. नाचणीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून असं होतं. उपाय सोपा आहे. जेवढं पीठ तेवढंच पाणी मिठासह उकळायचं, त्यात पीठ टाकून झाकण ठेवायचं, पाच मिनिटांनी गरम असतानाच हाताला पाणी लावून चांगलं मळायचं. अशी उकड काढलेली भाकरी मऊ होते आणि सकाळपर्यंत वातड होत नाही.

कुर्डू आणि टाकळा कोवळा असतानाच खुडायचा. धुऊन, चिरून, लसूण-मिरचीच्या फोडणीत वाफवला की झालं. भारंगीचा पाला कडू असतो, तो आधी उकडून, पिळून, पाणी टाकून द्यायचं आणि भिजवलेल्या मसुराबरोबर परतायचा. करटोली चिरून नुसत्या तेल-मिठावर खरपूस केली तरी पोरं आवडीनं खातात. चाईचा मोहोर मिळाला तर कांद्यावर परतायचा.

खेकडे मिळाले तर कालवण. नांग्या आणि पाय पाट्यावर ठेचून, पाण्यात कालवून गाळून घ्यायचे. त्या पाण्यात भाजलेलं कांदा-खोबऱ्याचं वाटण, लाल तिखट आणि दाटपणाला चमचाभर हुलग्याचं पीठ. मधला भाग त्यातच शिजू द्यायचा. पोटाशी पिल्लं असलेली मादी मात्र ओढ्यात परत सोडा. ती वाचली तरच पुढच्या पावसात खेकडे दिसतील.

इथं तीन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, ओळख पक्की नसेल तर पाला तोडू नका, आणि देवराईतून काही आणायचं नाही हा जुना नियम पाळा. दुसरी, तेरा किंवा रानअळूने घसा खवखवतो, कारण त्यात सुईसारखे बारीक खडे असतात. चिंच किंवा आमसूल घालून भरपूर शिजवल्याशिवाय ते खाऊ नका. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, अळंबी. चांदीचं नाणं काळं पडलं की विषारी, तांदूळ लाल झाला की विषारी, असल्या परीक्षांवर भरवसा ठेवू नका. त्यातली एकही खरी नाही. काही विषारी अळंब्यांचा त्रास सहा ते बारा तासांनी सुरू होतो, तोवर विष अंगात भिनलेलं असतं. उलट्या-जुलाब सुरू झाले तर घरगुती उपाय करत बसू नका, १०८ ला फोन करा आणि अळंबीचा उरलेला तुकडा दवाखान्यात बरोबर न्या.

हिवाळ्यात : शेंगोळ्यांची रात्र

जुन्नर-आंबेगावची ओळख सांगायची तर पाहुण्यांना मासवडी आणि घरच्यांना शेंगोळे. मासवडीला वेळ आणि हात दोन्ही लागतात. शेंगोळे मात्र तासाभरात होतात आणि थंडीत अंगात ऊब आणतात.

पाच माणसांचं प्रमाण असं : दोन वाट्या हुलग्याचं पीठ, अर्धी वाटी ज्वारीचं किंवा गव्हाचं पीठ, पंधरा-वीस लसूण पाकळ्या, जिरं, हळद, मीठ आणि सोसेल तेवढी मिरची. लसूण-जिरं-मिरची वाटून निम्मं पिठात घालायचं आणि घट्ट मळायचं. हाताला तेल लावून बोटाएवढ्या वळ्या करायच्या आणि त्यांना गोल वळण द्यायचं. पातेल्यात तेल, उरलेलं वाटण, मग सहा-सात वाट्या पाणी. पाण्याला खळखळून उकळी आली की एकेक शेंगोळा सोडायचा. उकळी नसताना सोडले तर ते विरघळून पिठलं होतं. वीस-पंचवीस मिनिटं शिजले की वरून कोथिंबीर आणि लिंबू.

याच दिवसांत खाचरातल्या ओलीवर केलेला मसूर, वाल, हरभरा घरात येतो. नव्या तांदळाचा भात आणि घरच्या मसुराची आमटी हेही चांगलंच जेवण. भात आणि कडधान्य एकत्र खाल्लं की एकातलं कमी दुसरं भरून काढतं. फक्त डाळीचं पाणी वाढू नका, वाटीत दाणे दिसले पाहिजेत.

उन्हाळ्यात : पाणी कमी, जेवण हलकं

पावसाळ्यात धो धो पाऊस आणि एप्रिल-मे महिन्यात हंड्यासाठी पायपीट, हे घाटमाथ्याचं नेहमीचं. हिरवी भाजी नसते. निम्मी माणसं नारायणगाव, जुन्नरच्या बाजूला मजुरीला गेलेली असतात. तेव्हा कामाला येते चटणी.

खुरासणी कोरडी भाजून, लाल मिरची, लसूण आणि मीठ घालून कुटायची. महिनाभर टिकते, मजुरीच्या डब्यातही चालते. भाकरी, खुरासणीची चटणी आणि कांदा हे गरिबाचं जेवण म्हणून हिणवायचं कारण नाही. या तेलबीत चांगलं तेल आणि प्रथिनं असतात. बोंबील किंवा सुकट भाजून, कांद्या-मिरचीवर परतली की तेही उत्तम कोरड्यास.

म्हाताऱ्यांना आणि लहान पोरांना नाचणीचं आंबील. रात्री पीठ पाण्यात कालवून ठेवायचं, सकाळी किंवा दुसऱ्या संध्याकाळी शिजवून त्यात ताक, मीठ आणि ठेचलेला लसूण घालायचा. आंबवल्यामुळं नाचणीतलं लोह अंगी लागायला मदत होते. नाचणीला मोड आणून, वाळवून दळली तरी हाच फायदा.

आठवड्याचं सोपं कोष्टक

सोमवार : नाचणीची भाकरी, पालेभाजी किंवा रानभाजी.
मंगळवार : भात, मसुराची घट्ट आमटी, खुरासणीची चटणी.
बुधवार : भाकरी, अंड्याचं कालवण.
गुरुवार : हुलग्याचे शेंगोळे, लिंबू.
शुक्रवार : वरईचा भात, वालाची आमटी.
शनिवार : भाकरी, पिठलं, कच्चा कांदा.
रविवार : भाकरी, सुकट, खेकडे किंवा मासे, जे मिळेल ते.

वरई आपण शहरातल्या लोकांच्या उपवासाला विकतो आणि घरात रेशनचा तांदूळ शिजवतो. सगळीच विकू नका. घरच्या माणसांना आठवड्यातून एकदा पुरेल एवढी मागं ठेवा.

दोन फुकटच्या सवयी

जेवणाबरोबर लिंबाची फोड, कैरी, आवळा किंवा टोमॅटो ठेवा. आंबट फळातल्या क जीवनसत्त्वामुळं भाजीतलं आणि धान्यातलं लोह अंगी लागतं. दुसरं, जेवणावर लगेच चहा घेऊ नका. चहा हेच लोह अडवतो. तासभर तरी जाऊ द्या. या दोन्ही गोष्टींना पैसा लागत नाही.

शेवटी कोण जेवतं?

आता जरा बोचणारी गोष्ट. आपल्या घरात आधी म्हातारी माणसं, मग पुरुष आणि पोरं जेवतात. बाई शेवटी बसते. तोवर कालवण तळाला गेलेलं असतं. मग ती भात आणि मीठ-मिरची खाऊन उठते. सगळ्यांबरोबर आवणी तिनंही केलेली असते, वर पाणी, सरपण, स्वयंपाक तिचाच. ५४ टक्क्यांचा आकडा इथून येतो असं म्हटलं तर फार चुकणार नाही. वाढायला घेण्याआधी तिच्या वाटणीची वाटी बाजूला काढून ठेवा. जमलं तर सगळे एकत्रच बसा.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांसाठी आदिवासी भागात अंगणवाडीतून डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत एक वेळचं पूर्ण जेवण मिळतं, लहान मुलांना अंडी किंवा केळी मिळतात. ही योजना २०१५ पासून आहे. नाव नोंदवलं नसेल तर अंगणवाडी ताईंना भेटा. रक्त तपासून घ्या. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली आणि इतर बाईचं १२ च्या खाली असेल तर नुसत्या जेवणाने भागणार नाही, गोळ्याही घ्याव्या लागतील.

नाचणी मागं का पडली?

कारणं सगळ्यांना माहीत आहेत. माळावरची शेती कष्टाची. बेणणी करून पिकवली तर रानडुक्कर एका रात्रीत लोळवतं. वरई-सावा सडायला उखळाशी तास जातो. त्यापेक्षा रेशनचा तांदूळ सोपा. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य महिन्याला मिळतं, तेही जानेवारी २०२३ पासून मोफत. या धान्याने अनेक घरांची भूक भागवली, हे मान्य करायलाच हवं.

पण २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ आणि गव्हाबरोबर भरडधान्याचंही नाव आहे. २०२३ हे साल तर संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्याचं वर्ष म्हणून साजरं केलं. केंद्राने २०२५-२६ च्या हंगामासाठी नाचणीचा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये जाहीर केला. म्हणजे नाचणीला कागदावर किंमत आहे. आपल्या पट्ट्यातली नाचणी हमीभावाने खरेदी व्हावी आणि तीच आपल्या रेशनमध्ये यावी, ही मागणी ग्रामसभेत ठराव करून करता येते. वरई सडायचं छोटं यंत्र गावात किंवा बचत गटाकडं असावं, हाही ठराव होऊ शकतो.

तोवर प्रत्येकाने आपल्यापुरतं एक करावं. माळाच्या तुकड्यावर घरच्या पाच माणसांना पुरेल एवढी नाचणी टाकावी आणि बी पुढच्या सालासाठी राखावं. रानभाज्या ओळखणारी आजी घरात असेल तर पावसाळ्यात पोरांना तिच्याबरोबर बांधावर पाठवा. मोबाईलमध्ये पाल्याचा फोटो काढा, नाव लिहून ठेवा, कुठला भाग खायचा आणि कुठलं पाणी टाकायचं तेही लिहा. बी संपलं तर दुसऱ्या गावातून आणता येईल. आजीच्या डोक्यात आहे ते मात्र ती आहे तोवरच विचारून घ्यावं लागेल.