कफर्णहूमचे छप्पर, वसईची कौले

चौघे जण एका पक्षघाती माणसाला खाटेवरून घेऊन येतात, दारात गर्दी दिसते, मग ते छपरावर चढून त्याला वरून येशूपुढे उतरवतात. वसईत ही कथा मिस्सेत ऐकणाऱ्या मुलाला त्यात नवल वाटत नसे. पावसाळ्याआधी घर शाकारताना कौले काढलेली त्याने पाहिलेलीच असत. चार कौले सरकवली की झाले!

लूकच्या शुभवर्तमानात खरेच कौले आहेत. मार्कमध्ये मात्र ते चौघे छप्पर ‘खणतात’. ग्रीक मुळातच हा फरक आहे. मार्कच्या मते घटना कफर्णहूमची. तिथे उत्खननात काळ्या बेसॉल्ट दगडाची घरे सापडली. अशा भिंतींवर आडव्या तुळया, त्यावर फांद्या आणि वर चोपलेली माती असे. पाऊस साधारण ऑक्टोबर ते एप्रिल, उन्हाळा कोरडा; सपाट धाब्यावर भागते. आपल्याकडे जूनच्या पहिल्या झडीत ते धाबे वाहून जाईल. लूकने बहुधा आपल्या ग्रीक वाचकांना कळेल असे घर बांधले, आणि ते नकळत वसईकरांच्याही ओळखीचे झाले.

वाळूवरच्या घराचा दृष्टान्तही तसाच. वाळू म्हटले की आपल्यासमोर अर्नाळ्याचा किनारा येतो. पॅलेस्टाइनमध्ये कोरड्या ओढ्याचे वाळूचे पात्र उन्हाळाभर निर्धास्त दिसते आणि हिवाळी पावसात अचानक लोंढा येतो. अरबीत त्या ओढ्याला ‘वादी’ म्हणतात. आमची वाडी म्हणजे केळी, पानवेल आणि बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचे तळे. उच्चार जवळचा, जमीन उलटी. मत्तयची ही वाळू लूकमध्ये नाही; तिथे प्रश्न पायाचा आहे.

गालीलचा ‘समुद्र’ म्हणजे सुमारे 21 किलोमीटर लांबीचे गोड्या पाण्याचे तळे, समुद्रसपाटीहून 200 मीटरपेक्षा खाली. डोंगरावरून वारा कोसळला की तळे खवळते. पाचूबंदरच्या कोळ्याला तळ्यात बुडण्याची भीती सांगायची तर आधी हा खळगा दाखवावा लागेल. लूकच्या दृष्टान्तात यरुशलेमहून यरीहोला माणूस ‘खाली’ जातो, तेही अक्षरशः: तीस किलोमीटरच्या आत सुमारे हजार मीटर उतार. आम्हाला उतार बघायचा तर तुंगारेश्वरचा डोंगर गाठावा लागतो.

नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ मराठीत आणले आणि ‘संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची’ही लिहिले. 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. हरित वसईसाठी लढलेल्या माणसाला शास्त्रातली भूमीही पायांखालची वाटावी, हे मला साहजिक वाटते.

प्रेषितांच्या कृत्यांत पेत्र यापोत भरदुपारी छपरावर प्रार्थनेला जातो. उतरत्या कौलांवर गुडघे टेकणार कसे, हा आमचा बालपणीचा प्रश्न. आता वसईत जिकडेतिकडे स्लॅबच्या गच्च्या झाल्या आहेत. पेत्र खुशाल वर जाईल. मार्कच्या चौघांना मात्र ब्रेकर आणावा लागेल.