भोपळ्याचे बाळ, हळदीचे हात

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना आरोग्याविषयी काही शिकवावयाचे म्हटले की बहुधा एक छापील चित्र पुढे केले जाते, ज्यात दात विचकणारा हिरवा जंतू असतो किंवा लालभडक सफरचंद असते. मूल त्यात रंग भरते, कागद भिंतीवर चिकटतो आणि पाठ आटोपतो. अशा हस्तकामाने बोटांना वळण लागते हे खरे, पण आजार कशाने होतो आणि कशाने टळतो यातले मुलाच्या हाती काहीच लागत नाही, कारण रंगवलेला जंतू कागदावर नुसता बसून राहतो. मुलाने केलेली वस्तू, निदान एका बाबतीत तरी, शरीरासारखी वागली पाहिजे अशी कसोटी लावली, तर प्रचलित उपक्रमांपैकी बरेचसे गळून पडतात. जे उरतात ते मात्र वाशीम जिल्ह्यातील शिरपूर जैनसारख्या गावात जवळजवळ फुकट करता येण्याजोगे आहेत.

या कसोटीमागे बालमानसशास्त्राचा आधार आहे. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या, मुलांच्या नैतिक विचारांवरील ग्रंथात ‘अंतर्निहित न्याय’ ही कल्पना मांडली. लहान मुलांना चुकीची शिक्षा निसर्गच परस्पर देतो असे वाटते, म्हणजे चोरी करून पळणारा मुलगा पुलावरून पडला तर तो चोरी केल्यामुळेच पडला, असा त्यांचा निष्कर्ष असतो. आजाराच्या बाबतीतही मुले याच वाटेने जातात, आणि ‘सांगितलेले ऐकले नाहीस ना, मग भोग आता’ असे म्हणून मोठी माणसे त्या समजुतीवर शिक्कामोर्तब करतात. या समजुतीला उपदेशाने धक्का लागत नाही. कारण आणि परिणाम मुलाला स्वतःच्या हाताने घडवून पाहता आले तरच तिथे दुसरे काही रुजण्याची शक्यता असते.

महाराष्ट्राला ही दृष्टी परकी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर ग्रामीण व आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे जे काम उभारले, त्यात माँटेसोरी पद्धतीच्या महागड्या साधनांची जागा पाने, बिया, शंख आणि दगडगोटे यांनी घेतली, तर आंघोळ, नखे आणि केस यांची निगा हा दिनक्रमाचाच भाग झाला. ताराबाईंनी वस्तीच्या अंगणात भरवलेल्या वर्गाचे ‘अंगणवाडी’ हे नाव २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे देशभर पोहोचले. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला यात्रेकरू ज्या शिरपूरला येतात, त्या मालेगाव तालुक्यातील गावाच्या परिसरात कोसबाडच्या शंखांऐवजी हळद, तुराट्या आणि माती हाताशी असते. पूर्वी ज्वारीचे धांडे सोलून मुले त्यांच्या बैलगाड्या नि चष्मे करीत; सोयाबीनने ज्वारीला शेतातून हुसकावल्यापासून धांडेही दुर्मीळ झाले, ही बालशिक्षणाच्या दृष्टीने लहानशी का होईना पण हानीच म्हणावी लागेल.

कसोटीला सर्वांत चोख उतरणारी वस्तू म्हणजे भोपळ्याचे बाळ. मेक्सिकोच्या डोंगराळ भागातील आखोया या खेड्यात आरोग्य कार्यकर्त्यांबरोबर काम करणारे डेव्हिड वर्नर यांनी ती जगापुढे आणली. पोहायला शिकताना कमरेला बांधतात तसला सुकवलेला पोकळ भोपळा घ्यावा, त्याच्या वरच्या टोकाला रुपयाएवढे भोक पाडून त्यावर पातळ ओले फडके बसवावे, खालच्या बाजूला दुसरे भोक पाडून त्यात बूच घालावे, नाकडोळे मुलांकडून काढून घ्यावेत आणि भोपळा काठोकाठ पाण्याने भरावा. वरचे फडके म्हणजे तान्ह्या बाळाची टाळू, अर्थात कवटीची हाडे अजून जुळून आलेली नसतात तो मऊ भाग. बूच काढले की बाळाला हगवण लागली. पाणी उतरू लागते तसे फडके आत खचत जाते, आणि डोळ्यांच्या जागी टाचणीने भोके पाडलेली असतील तर पाण्याची पातळी त्यांच्या खाली जाताच ‘अश्रू’ही थांबतात. शरीरातील पाणी आणि क्षार कमी होण्याच्या या अवस्थेला निर्जलीकरण म्हणतात. खोल गेलेली टाळू आणि कोरडे डोळे या डॉक्टर ज्या खुणा पाहतात त्याच येथे चार वर्षांचे मूल बोट दाखवून सांगू शकते. टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरून येत असल्याने ती खूण तान्ह्या बाळापुरतीच आहे, एवढे मात्र अंगणवाडी सेविकेने स्पष्ट करावयास हवे.

भोपळा याहून मोठे काम करतो ते घरातील एका जुन्या गैरसमजाच्या बाबतीत. जुलाब होत असताना पाणी दिले तर जुलाब वाढतात, म्हणून ते बंद करावे, असे मानणारी घरे अजूनही आहेत; बूच उघडे असताना वरून पाणी ओतलेच नाही तर काय होते, हे एकदा पाहिलेल्या मुलाला तो सल्ला पटणे कठीण. मात्र ओतलेले पाणी आतड्यातून रक्तात कसे शिरते, हे भोपळा दाखवू शकत नाही, आणि मोठ्या मुलांना ते वेगळे सांगावे लागते. साखरेतील ग्लुकोज आणि मिठातील सोडियम हे आतड्याच्या पेशीत जोडीने शिरतात आणि त्यांच्या मागोमाग पाणी शोषले जाते, ही यंत्रणा रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली; १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली आणि शिरेतून देण्याचे द्रावण अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावरचे द्रावण पिण्यास देऊन असंख्य जीव वाचवले. जलसंजीवनी या नावाने ओळखले जाणारे हे द्रावण पाकिटातून मिळते तेच उत्तम. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ हे प्रमाण आहे; मीठ जास्त झाले तर ते बालकाला घातक ठरू शकते, म्हणून चमचा सपाट करण्याचा सराव मुलांनी वाळूवर करावा आणि खरे द्रावण मोठ्यांनीच तयार करावे.

हात धुण्याच्या पाठासाठी वाशीम-हिंगोली पट्ट्यात हळदीसारखे दुसरे साधन शोधण्याचे कारण नाही. तेलात कालवलेली हळद दोन मुलांच्या हातांना पातळ चोळावी. एकाने नुसत्या पाण्याने आणि दुसऱ्याने साबणाने हात धुवावेत, आणि मग दोघांनी ओले तळवे पांढऱ्या कागदावर उमटवावेत. पहिल्याचा ठसा पिवळा उमटतो. नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या आणि अंगठ्याची मागची बाजू येथे रंग कसा तळ ठोकून बसतो, हे हातावरच दिसते. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याला आणि दुसरे तेलाला धरते, त्यामुळे तेलाचे बारीक थेंब सुटे होऊन पाण्याबरोबर वाहून जातात. करोना किंवा फ्लूच्या विषाणूभोवतीचे मेदयुक्त आवरण साबण मोडून टाकतो. जुलाब घडवणाऱ्या रोटा विषाणूला असे आवरणच नसते, तेथे चोळणे आणि भरपूर पाण्याने खंगाळणे हेच खरे काम करते. या प्रयोगात एक खाच आहे, ती अशी की साबण लागताच हळद तांबूस होते आणि ‘जंतू लाल झाले’ अशी बातमी वर्गभर पसरते. हळदीतील कर्क्युमिन हे द्रव्य क्षारधर्मी पदार्थाच्या संपर्कात रंग बदलते, हळदीचे कुंकू करताना हाच गुण कामी येतो, आणि त्याचा जंतूंशी काही संबंध नाही. हळदीवर चिमूटभर चुना टाकून दाखवला की प्रश्न मिटतो, मात्र चुना मुलांच्या हाती देऊ नये.

मोठ्या भावंडांसाठी आणखी दोन वस्तू आहेत. दंडाच्या घेराची तिरंगी पट्टी ही कल्पना बगदादचे शाकिर आणि लंडनचे डेव्हिड मॉर्ले यांनी १९७४ मध्ये मांडली. एक ते पाच वर्षांच्या काळात तान्हेपणीची चरबी उतरते आणि स्नायू भरतात, त्यामुळे दंडाचा घेर फारसा बदलत नाही आणि वय नेमके ठाऊक नसतानाही तो पोषणाची स्थिती सांगतो, हे त्यामागचे तत्त्व होय. सहा महिने ते पाच वर्षे या वयात ११.५ सेंटिमीटरहून कमी घेर, म्हणजे पट्टीचा लाल भाग, तीव्र कुपोषणाची खूण मानला जातो आणि १२.५ पर्यंतचा धोक्याची. न ताणणाऱ्या कागदाची अशी पट्टी मुलांनी जरूर करावी, पण मापे मातीच्या किंवा चिंध्यांच्या बाहुल्यांची घ्यावीत. जिवंत मुलाला चारचौघांत ‘लाल’ ठरवण्याचा अधिकार कोणालाच नाही. दुसरी वस्तू गडचिरोलीच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या श्वासमापकावरून घेता येते. निरक्षर दाईलाही न्यूमोनिया ओळखता यावा म्हणून केलेल्या त्या साधनात एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी होते, आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा असे. दोन महिने ते एक वर्ष या वयाच्या बाळाने शांत असताना मिनिटाला पन्नास किंवा अधिक श्वास घेतले तर ते धोक्याचे समजतात, म्हणजे माळेतला पाचवा मणी सरकला की दवाखाना गाठावयाचा. सोयाबीनच्या सोंगणीत आईबाप शेतात असताना धाकट्याला सांभाळणाऱ्या पाचवी-सहावीच्या बहिणीला हे मोजणे सहज जमण्यासारखे आहे. अर्थात, मणी तीन वर्षांखालील मुलाच्या हाती लागता कामा नयेत.

नाडीचा खेळ याहून सोपा आहे: ओल्या मातीच्या वाटाण्याएवढ्या गोळीत काडी खोचून ती मनगटावर अंगठ्याच्या रेषेत, जेथे नाडी लागते तेथे ठेवली, की काडीचे टोक हलकेच डुलते, आणि अंगणात पळून आल्यावर ते भरभर डुलू लागते.

उपक्रम साधला की नाही, हे भिंतीवरील कागदांवरून कळत नाही. आठवड्याने भोपळा पुन्हा पुढे ठेवावा आणि आधी न दाखवलेली परिस्थिती विचारावी, की बूच उघडेच आहे आणि वरून पाणीही ओतले जात आहे, तर टाळूचे काय होईल? जेवढे गळते तेवढे ओतले तर ती खचणार नाही, असे सांगणाऱ्या मुलाला काही उमगले आहे. ‘हात स्वच्छ धुवावेत’ असे खणखणीत उत्तर देणाऱ्या मुलाने फक्त घोषणा पाठ केली आहे, आणि त्याच्यासाठी बूच पुन्हा एकदा काढावे लागेल.