वळिवड्यातल्या बायकांचे नवरे

आमच्या शेजारी, मुरबाड तालुक्यात, सिद्धगडावर 2 जानेवारीला पहाटे माणसे जमतात. 1943 साली याच दिवशी स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. दिवस ठरलेला, जागा ठरलेली. पण ज्यांची माणसे परमुलखात मारली गेली, त्यांनी काय करायचे?

त्याच 1943 साली कोल्हापूरजवळ वळिवड्यात पोलिश निर्वासितांची छावणी उभी राहिली. सुमारे पाच हजार माणसे, त्यांत बहुतेक बायका आणि मुले. सोव्हिएत राजवटीने 1940-41 मध्ये लाखो पोलिश लोकांना आगगाड्यांत कोंबून सायबेरिया-कझाकस्तानात नेले होते. तिथून सुटलेले इराणमार्गे इकडे आले. छावणीत चर्च होते, शाळा होत्या.

कर्ते पुरुष कुठे होते? काही फौजेत होते, काहींना आधीच मारले होते. 1940 मध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांनी कातिन आणि इतर ठिकाणी सुमारे 22 हजार पोलिश अधिकारी व नागरिकांना गोळ्या घातल्या आणि त्यांच्या बायकामुलांनाही हद्दपार केले. मॉस्कोने 1990 पर्यंत हे पाप जर्मनांच्या माथी मारले. त्यामुळे पोलंडमध्ये खरे साल उघडपणे लिहायची सोय नव्हती.

ते लिहिले परदेशातल्या पोलिशांनी, आणि तेही सुखासुखी नाही. लंडनमध्ये चेल्सीतल्या एका चर्चच्या आवारात स्मारक उभारायला धर्मन्यायालयाने परवानगी नाकारली. अखेर 1976 मध्ये ते गनर्सबरीच्या दफनभूमीत उभे राहिले. त्यावर ‘कातिन 1940’ असे कोरले आहे. 1941 असते तर मॉस्को म्हणते तसा दोष जर्मनांवर गेला असता. एका आकड्यात सगळा आरोप आहे. ब्रिटिश सरकारने अनावरणाला प्रतिनिधी धाडला नाही. मॉस्कोची मर्जी सांभाळायची होती, दुसरे काय!

परमुलखात विखुरलेल्या अर्मेनियन समाजानेही आपल्या माणसांच्या 1915 च्या संहाराची आठवण जपली, ती मात्र चर्चच्या आधाराने. लेबनॉनमध्ये अँतेलियासच्या स्मृतिमंदिरात देर एझ-झोरच्या वाळवंटातून आणलेली बळींची हाडे ठेवली आहेत. 2015 मध्ये अर्मेनियन चर्चने त्या संहारातल्या बळींना संतपद दिले.

कोल्हापुरात महावीर उद्यानात 1998 पासून पोलिशांचे स्मारक आहे, 2019 मध्ये आणखी एक स्तंभ उभा राहिला. आपल्याकडे या निमित्ताने कौतुक होते ते कोल्हापूरच्या पाहुणचाराचे. ते रास्तच आहे. पण गोष्ट छावणीच्या दारापासून सुरू केली, की त्या बायका इतक्या लांब एकट्या का आल्या, हे कुणी विचारतच नाही.