जहाजावरचा संगणक वेळ कशी पाळतो?

पवईत शिपिंग कॉर्पोरेशनची प्रशिक्षण संस्था आहे, कांजूरमार्गला नौवहन महासंचालनालय. समुद्र दिसत नसला तरी मर्चंट नेव्हीची चर्चा या उपनगरांना नवी नाही. त्या चर्चेत वेळेबद्दलचे काही गैरसमज हमखास ऐकू येतात.

गैरसमज : टाइम झोन बदलला की संगणकाचं घड्याळही फिरवायचं.
वस्तुस्थिती : पूर्वेकडे जाताना मेस आणि केबिनमधली घड्याळं पुढे करतात, पश्चिमेकडे जाताना मागे. संगणकाच्या पोटात मात्र यूटीसी ही जागतिक वेळच चालू राहते. बदलते ती पडद्यावर दिसणारी वेळ. अपघात झाला तर चौकशीत कोणती घटना आधी घडली हे नोंदींवरूनच ठरतं. प्रत्येक यंत्राची वेळ वेगळी असेल, तर त्या नोंदी जुळवायच्या कशा? भारतीय प्रमाणवेळ 1906 साली आली, तरी तिच्या 39 मिनिटं मागे असलेली ‘बॉम्बे टाइम’ 1955 पर्यंत टिकून होती. दोन वेळांचा घोळ मुंबईने भोगला आहे.

गैरसमज : इंटरनेट नाही, म्हणजे अचूक वेळ नाही.
वस्तुस्थिती : जीपीएस उपग्रहांवर अणुघड्याळं असतात. अँटेनातून आलेली वेळ जहाजावरचाच सर्व्हर ‘एनटीपी’ पद्धतीने बाकीच्या संगणकांना देतो. हा आधार नसेल, तर साधं क्वार्ट्झ घड्याळ दिवसाला सेकंद-दोन सेकंद सहज चुकतं.

गैरसमज : उपग्रह इतका लांब, म्हणजे वेळ उशिराच पोचणार.
वस्तुस्थिती : सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून संदेश यायला सेकंदाचा पंधरावा भाग तरी लागतोच. पण चार उपग्रहांचे संदेश ताडून रिसीव्हर स्वतःची जागा आणि वेळ एकदमच काढतो; त्यात हा उशीर वजा होतो.

गैरसमज : जीपीएसची वेळ म्हणजेच यूटीसी.
वस्तुस्थिती : 1980 साली सुरू झालेल्या जीपीएस वेळेत लीप सेकंद, म्हणजे यूटीसीत अधूनमधून घातलेले जादा सेकंद, धरत नाहीत. 2017 पासून ती यूटीसीच्या 18 सेकंद पुढे आहे. रिसीव्हर हा फरक काढून टाकतो.

गैरसमज : एक चांगला रिसीव्हर पुरे.
वस्तुस्थिती : जीपीएसचा आठवड्यांचा मूळ मोजक 1024 आठवड्यांनी शून्यावर येतो. एप्रिल 2019 मध्ये तसं झालं, तेव्हा काही जुने रिसीव्हर जवळपास वीस वर्षं मागची तारीख दाखवू लागले. शिवाय संदेश मुद्दाम जॅम करता येतात, खोटेही पाठवता येतात. दोन स्रोतांत वाद झाला तर खरा कोण, हे संगणकाला कळत नाही. म्हणून एनटीपीला किमान चार स्रोत द्यावेत. एक बहकला तरी उरलेले तीन त्याला बाजूला सारतात.