मोटारीचा पालटणारा सूर

नागपूरहून रायपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग भंडारा जिल्ह्यातून जातो. त्या रस्त्यावर लाखनी-साकोलीच्या बाजूस एखादी लहान पेट्रोल मोटार पुढच्या मालमोटारीस मागे टाकू लागली, म्हणजे चालक गिअर खाली घेतो, एंजिनाचे फेरे वाढतात, आणि एरवी गुणगुणणारे यंत्र एकाएकी निराळ्याच गळ्याने बोलू लागते. मागे बसलेली मंडळी दचकतात व काहीतरी बिघडले असे समजतात. कित्येक मोटारी केवळ या शंकेपायी कारखान्यात नेल्या जातात. उलट, खरोखरीच बिघाड सांगणारा आवाज 'वेगात असे व्हायचेच' म्हणून कानाआड केला जातो. आणि हा दुसरा प्रमाद पहिल्याहून महाग पडतो.

आवाजाचे दोन गुण येथे वेगळे केले पाहिजेत. स्वर किती उंच, ही त्याची तारता. आणि तोच स्वर सनईचा की सतारीचा हे ज्यावरून कळते, ती त्याची जात. चार सिलिंडरांच्या नेहमीच्या मोटारीत क्रँकशाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात दोन स्फोट होतात. मिनिटाला ३००० फेरे असता सेकंदाला १०० स्फोट, ६००० असता २००. गवयाच्या भाषेत सूर बरोबर एक सप्तक चढला. एवढा बदल प्रत्येक मोटारीत होतो व तो क्रमाक्रमाने होतो. परंतु काही मोटारींत एका ठराविक वेगापाशी स्वराची जातच पालटते. त्याचे कारण झडपांत आहे.

झडपा, म्हणजे कारागिरांचे व्हॉल्व्ह, ही सिलिंडरची दारे होत. काहींतून हवा व पेट्रोल आत येते, काहींतून जळका वायू बाहेर जातो. कॅमशाफ्ट नावाच्या दांड्यावरील उंचवटे त्यांना उघडतात, स्प्रिंगा त्यांना मिटतात. मिनिटाला १००० फेरे असता दट्ट्याची एक धाव सेकंदाच्या सुमारे तीन शतांशांत पुरी होते. ६००० असता ती सेकंदाच्या दोनशेव्या हिश्शात उरकावी लागते. एवढ्या अवकाशात सिलिंडर भरावयाचा तर दार अधिक उघडले पाहिजे व उशिरा मिटले पाहिजे. वेगाने आत येणारी हवा दट्ट्या परत फिरला तरी आपल्याच जोराने क्षणभर आत शिरत राहते. पण सावकाश चालीत दार तितकेच उशिरा मिटले, तर आत आलेले मिश्रण उलट बाहेर ढकलले जाते आणि एंजिन अडखळते. एकच उंचवटा दोन्ही चालींना पुरा पडत नाही. जुन्या एंजिनांत मधला मार्ग पत्करलेला असे, आणि त्यात दोन्हीकडे थोडे थोडे नुकसान होई.

होंडा कंपनीने १९८९ साली जपानात इंटेग्रा मोटारीत यावर जो तोडगा काढला, तो पुढे व्ही-टेक या नावाने प्रसिद्ध झाला. झडपांच्या प्रत्येक जोडीसाठी दोनाऐवजी तीन उंचवटे ठेविले; मधला अधिक उंच व रुंद. मंद चालीत तो रिकामाच फिरतो. वेग ठरल्या मर्यादेपलीकडे गेला की तेलाच्या दाबाने एक लहानशी खीळ सरकते, तरफा एकमेकींस जखडल्या जातात, आणि झडपा मोठ्या उंचवट्याच्या हुकमतीखाली येतात. १.६ लिटरच्या त्या एंजिनाने १६० अश्वशक्ती दिली. त्या काळी ही गोष्ट नवलाचीच होती. आपल्याकडच्या तरुणांना हा पालट यामाहाच्या आर-१५ या दुचाकीवर ठाऊक असतो. २०१८ च्या नमुन्यापासून तिच्यात ७४०० फेऱ्यांवर आत घेणाऱ्या झडपांचा उंचवटा बदलतो.

आता आवाज का पालटतो ते सहज ध्यानी येईल. बाहेर सोडणारी झडप लवकर उघडली की सिलिंडरातला दाब अजून पुष्कळ असतो, आणि वायूचा लोट अधिक धारदार होऊन नळीत शिरतो. आत घेणारी झडप जास्त उघडल्याने हवेचा हिसकाही मोठा होतो. अशा तीक्ष्ण धक्क्यांत मूळ स्वराबरोबर वरचे उपस्वर भरपूर असतात, म्हणून गुणगुण जाऊन गर्जना येते.

तथापि मोटारीच्या पाठीवर झडपांच्या बदलत्या वेळेची अक्षरे दिसली की गर्जना ऐकू यावीच, हा समज चुकीचा होय. बऱ्याच मोटारींत उंचवटा बदलत नाही. तेलाच्या दाबाने कॅमशाफ्टच किंचित पुढेमागे फिरविला जातो. आल्फा रोमिओने १९८० साली स्पायडर मोटारीत ही युक्ती विक्रीस आणली, आणि मारुतीच्या स्विफ्टचे १.२ लिटरचे एंजिन २०११ साली तिच्यासह आले. आजच्या अशा मोटारींत हा फेर हळूहळू होतो. कानाला पायरी लागत नाही. तेथे विशिष्ट वेगाला घुमणारा आवाज बहुधा हवेच्या गाळणीच्या पेटीचा असतो. भंडाऱ्याच्या पितळी घागरीत पाणी भरताना सूर चढत जातो, कारण आतली हवेची जागा आखूड होते. प्रत्येक पोकळीला आपला असा एक स्वर असतो, आणि एंजिनाचे ठोके त्या स्वराशी जुळले की पेटी घुमते.

राहिला बिघाडाचा आवाज. वरील दोन्ही रचना तेलावर चालतात. तेल कमी झाले वा जुने होऊन गढुळले, तर खीळ सरकत नाही. मोटार वरच्या वेगात मुकी व मंद राहते. सकाळी थंड एंजिन सुरू करताना रोज खडखड येऊ लागली, तर तेल, साखळी व कॅमशाफ्ट फिरविणारी चकती यांची तपासणी लांबवू नये. तेल मोजण्याची कांडी सपाट जागी, एंजिन बंद करून काही मिनिटांनी पाहावी, आणि तेल पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचेच घालावे. कारागिराकडे जाताना केवळ 'आवाज येतो' असे न सांगता तो किती फेऱ्यांवर, कोणत्या गिअरमध्ये, एंजिन थंड असता की तापल्यावर येतो, हे टिपून न्यावे. त्याचे निम्मे काम तेथेच होते.